विद्यापीठाचा पहिला पेपर : फॉर्मपासून छायाप्रतीपर्यंत

बारावीपर्यंत परीक्षेचं सगळं कॉलेज करून घेतं. फॉर्म भरला का, फोटो नीट आला का, सही राहिली का, हे कोणीतरी वर्गात येऊन विचारतं. विद्यापीठाच्या परीक्षेला असं विचारणारं कोणी नसतं. नोटीस लागते, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा तिरका फोटो पडतो, त्यावर चार अंगठे येतात आणि तारीख निघून जाते. निकालानंतर केगावला, सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, खेटे घालणाऱ्यांत नापास झालेलेच असतात असं नाही. कुणाचा बैठक क्रमांक चुकलेला असतो, कुणाच्या विषयाचा कोड, तर कुणाचे अंतर्गत गुण पोचलेले नसतात. पेपरला बसणं म्हणजे जितका अभ्यास, तितकीच कागदपत्रं. हा दुसरा भाग कोणी शिकवत नाही, म्हणून इथे त्याच्यावरच जास्त लिहिलं आहे.

एक सोय मात्र सोलापूरकरांना आहे. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं, तेही एकाच जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि अडलेल्या कामासाठी कोल्हापूर गाठावं लागे. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. आता अक्कलकोट किंवा मोहोळचा विद्यार्थी सकाळच्या एसटीने निघाला तर काम करून संध्याकाळी घरी जेवायला असतो. पण त्याआधी आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. बहुतेक अर्ज कॉलेजमार्फतच पुढे जातात, आणि थेट केगावला गेलात तर तिथून "प्राचार्यांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवतात.

परीक्षा फॉर्म

सेमिस्टर सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत ऑनलाइन फॉर्म सुटतात. आधी नियमित शुल्काची मुदत, मग विलंब शुल्काची, मग त्याहून जड शुल्काची. शेवटच्या दिवशी साइट रखडते, पैसे खात्यातून जातात आणि पावती येत नाही. तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, एक दिवस थांबा आणि स्थिती पुन्हा पाहा. हा एक दिवस हाताशी असावा म्हणूनच फॉर्म मुदतीच्या चार दिवस आधी भरायचा.

फॉर्ममध्ये नाव आपोआप येतं. ते बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. सोलापुरात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे. आडनावं तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या वळणांची, आणि इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे होतात. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर एबीसी आयडी जोडताना अडतं. एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. प्रत्येक विद्यार्थ्याचं श्रेयांकांचं खातं तिथे असतं आणि त्याचा क्रमांक १२ अंकी. नावातली दुरुस्ती पहिल्या सेमिस्टरला एका अर्जात होते. पदवीच्या वेळी तीच करायची म्हटली तर आधीच्या सगळ्या गुणपत्रिका बदलून घ्याव्या लागतात.

त्यानंतर विषयांचे कोड. ऐच्छिक विषय घेणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. एकाच नावाचा विषय जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या कोडने असतो. मागच्या सेमिस्टरचा राहिलेला विषय असेल, म्हणजे एटीकेटी असेल, तर तो आपोआप येत नाही. तो निवडावा लागतो, कधी त्याचा फॉर्मच वेगळा असतो. फॉर्म भरून झाला की प्रिंट आणि पावती एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि निकाल लागेपर्यंत ते फोल्डर हलवू नका.

हॉल तिकीट आणि वेळापत्रक

हॉल तिकिटावर दोन क्रमांक असतात. पीआरएन हा तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, तो पदवीपर्यंत तोच राहतो. बैठक क्रमांक त्या परीक्षेपुरता. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक मागितलेला असताना पाठ असलेला पीआरएन लिहून मोकळं होणारे दर वर्षी सापडतात. मागच्या सेमिस्टरचा बैठक क्रमांक लिहिणारेही असतात. हॉल तिकीट हातात पडलं की फोटो, नाव, विषय कोड, माध्यम आणि केंद्र तपासा. त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का लागत असेल तर तो आदल्या दिवशी घ्या. पेपरच्या सकाळी कार्यालयात शिक्क्याचं पॅड शोधण्यापासून सुरुवात असते.

वेळापत्रक एकदा डाउनलोड करून निर्धास्त राहू नका. 'सुधारित वेळापत्रक' नावाची गोष्ट असतेच. पीडीएफच्या शीर्षकातली तारीख पाहा आणि प्रत्येक पेपरच्या आदल्या संध्याकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. ग्रुपवर फिरणारा फोटो मागच्या वर्षीचाही असू शकतो. राहिलेल्या विषयाचा पेपर आणि चालू सेमिस्टरचा पेपर एकाच दिवशी आला आहे का, हेही आताच बघा. तसं असेल तर कॉलेजला लेखी कळवा.

प्रवासाचा हिशेब तारखांशी जोडून करा. हिवाळी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत कार्तिकी एकादशी. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला भागातल्यांनी ते दोन-चार दिवस धरूनच चालावं : एसट्या वारीसाठी वळवलेल्या असतात, ज्या येतात त्या भरून येतात, आणि रस्त्यावर दिंड्या असतात. उन्हाळी परीक्षेत ऊन. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दुपारच्या सत्राचा पेपर असेल तर एसटी स्टँडवरून कॉलेजपर्यंत चालत जाऊन घामेघूम होण्यापेक्षा शेअर रिक्षाचे पैसे खर्च करा. पाण्याची बाटली पारदर्शक घ्या आणि तिच्यावरचं लेबल काढून टाका, म्हणजे दारावर कोणी हटकणार नाही. सकाळी पोटभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन पेपरला बसणारे बसतात, पण चटणीला तहान लागते आणि तीन तासांत पाण्याला उठणं परवडत नाही.

केंद्रावर

पेपरच्या ४५ मिनिटं आधी पोचा. बैठक व्यवस्था फळ्यावर किंवा जिन्याजवळ लावलेली असते. खोलीला इथे 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉक रोज बदलू शकतो, काल दुसऱ्या मजल्यावर होता म्हणून आज तिथेच असेल असं नाही. तुमच्या शेजारी वेगळ्या शाखेचा विद्यार्थी बसवतात, तेव्हा आपला विषय दिसला नाही म्हणून गोंधळू नका.

बरोबर हॉल तिकीट, ओळखपत्र, एकाच रंगाचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे तीन पेन, पेन्सिल, पट्टी, विषयाला लागत असेल तर साधा कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळ. साधं, काट्यांचं. स्मार्टवॉच आणि मोबाइल आत चालत नाहीत. मोबाइल बंद करून खिशात ठेवणं म्हणजे सुद्धा बाळगणंच. हॉल तिकिटाच्या मागे आदल्या रात्री लिहिलेलं सूत्र पुसून टाका, कारण अचानक तपासायला येणाऱ्या भरारी पथकाला ती नोंद कधी केली हे सिद्ध करण्याची गरज नसते.

बऱ्याच प्रश्नपत्रिका आता केंद्रावर ऑनलाइन उतरवून तिथेच छापल्या जातात. वीज गेली किंवा प्रिंटर अडकला तर दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो. गेलेला वेळ शेवटी भरून मिळायला हवा. मिळत नाहीये असं दिसलं तर आरडाओरडा न करता पर्यवेक्षकांना केंद्रप्रमुखांशी बोलायला सांगा. तुम्ही स्वतः उशिरा आलात तर साधारण पहिला अर्धा तास संपल्यावर आत घेत नाहीत, आणि वेळ तर वाढवून मिळतच नाही.

उत्तरपत्रिकेचं पहिलं पान

हे पान भरायला पाच मिनिटं लागतात आणि सगळ्यात महागाच्या चुका याच पाच मिनिटांत होतात. बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी, विषय कोड, दिनांक, माध्यम, पुरवण्यांची संख्या, सही. कोड प्रश्नपत्रिकेवरून बघून लिहा, आठवणीतून नाही.

अंक इंग्रजीत काढा. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या हाताला देवनागरी वळण असतं, आणि घाईत मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा. एका क्रमांकात दोन लिप्या मिसळल्या तर वाचणाऱ्याने काय समजायचं? म्हणूनच अक्षरी रकाना असतो. तो रिकामा सोडलात तर शंका आल्यावर ताडून पाहायला काहीच उरत नाही, आणि हजर असून निकालात तुमच्यासमोर 'गैरहजर' पडू शकतं. चौकोन काळे करायचे असतील तर पूर्ण काळे करा, चुकल्यास गिरवत बसू नका. पर्यवेक्षकांना लगेच दाखवा. बारकोडवर रेघ, सही, घडी काहीही नको.

पर्यवेक्षक हॉल तिकीट पाहून सही करतात आणि उपस्थिती पत्रकावर तुमची सही घेतात. त्यावर उत्तरपत्रिकेचा छापील क्रमांकही लिहिला जातो. तो क्रमांक बरोबर उतरला आहे ना, एवढं डोकावून बघा. निकालात 'गैरहजर' आलं तर हे पत्रक आणि सही झालेलं हॉल तिकीट हेच तुमचे दोन पुरावे. हॉल तिकीट पेपर संपल्यावर फेकून देणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

आतल्या पानांवर ओळख पटेल असं काही लिहू नका. नाव, मोबाइल नंबर, गावाचं नाव, "सर, पास करा" अशी विनंती, वरच्या कोपऱ्यात श्री किंवा ॐ, शेवटी सही. ॐ लिहिण्यामागे भक्ती असते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी नियमाला ती ओळखीची खूणच वाटते. उत्तरपत्रिकेत नोट ठेवली तर सरळ गैरप्रकाराचं प्रकरण होतं.

पेपर लिहिताना

आधी सूचना. सोलापूर विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचनालयात मिळाल्या तर नीट पाहा. वर एसएलआर अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, पहिला प्रश्न वस्तुनिष्ठ, १४ गुणांचा, तो पहिल्या ३० मिनिटांत उत्तरपत्रिकेच्या तिसऱ्या पानावरच सोडवायचा आणि पानाच्या वर आपला संच पी, क्यू, आर की एस ते लिहायचं, असा अनेक अभ्यासक्रमांचा साचा होता. संच लिहायला विसरलं की चौदाही उत्तरं कुठल्या उत्तरसूचीशी ताडायची हे कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमांत गुणांची विभागणी बदलली आहे. तुमच्या विषयाचा साचा अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये शेवटी दिलेला असतो. तो परीक्षेच्या पंधरा दिवस आधी काढून ठेवा, कारण 'खालीलपैकी कोणतेही चार' आणि 'सर्व अनिवार्य' यातला फरक अभ्यासाची दिशाच बदलतो.

वेळेची वाटणी गुणांवरून करा. तीन तासांचा, ७० गुणांचा पेपर धरू. पहिली ३० मिनिटं वस्तुनिष्ठ प्रश्नाला गेली, उरली १५० मिनिटं आणि ५६ गुण. शेवटची दहा मिनिटं तपासायला काढली तर एका गुणाला अडीच मिनिटं. म्हणजे सात गुणांच्या प्रश्नाला साडेसतरा मिनिटं. घड्याळात अठरा झाली की उत्तर अर्धं असलं तरी अर्धं पान जागा सोडून पुढे सरका. पहिला दीर्घोत्तरी प्रश्न छान येतो म्हणून त्यावर पस्तीस मिनिटं घालवणं हे पहिल्या वर्षाचं ठरलेलं दुखणं आहे. त्या प्रश्नाला सातपैकी सहा पडतात, आणि शेवटचा चौदा गुणांचा प्रश्न कोरा जातो.

प्रश्नक्रमांक प्रश्नपत्रिकेत आहे तसाच लिहा, समासात, ठळक. मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा आणि त्याचे उपप्रश्न शक्यतो एकत्र ठेवा. तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, तो प्रश्नाप्रमाणे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात चढवतो. तुमचा 'दोन ब' सतराव्या पानावर एकटाच पडला असेल तर तो नजरेतून सुटू शकतो. विकल्पापेक्षा एक उत्तर जास्त लिहिलं असेल तर नको असलेल्यावर तुम्हीच आडवी रेघ मारा.

माध्यम एकच ठेवा. मराठीतून लिहिताना 'मागणीची लवचिकता' असा शब्द आला आणि पुढच्या ओळीत 'इलॅस्टिसिटी' तर कोणी गुण कापत नाही, पण अर्धं उत्तर मराठीत, अर्धं इंग्रजीत असं करू नका. दोन्ही भाषांत छापलेल्या पेपरमध्ये मराठी वाक्य अडलं तर शेजारचं इंग्रजी वाक्य वाचा. भाषांतरात घोळ झालेला असू शकतो.

पुरवणी घेतली की आधी तिच्यावर बैठक क्रमांक, मग उत्तर. शेवटी पुरवण्या क्रमाने लावून दोरा घट्ट बांधा आणि पहिल्या पानावर संख्या लिहा. इशाऱ्याची घंटा झाली की दोरा ओवायला घ्या. शेवटच्या मिनिटाला ओवायला घेतला की हात थरथरतात आणि भोक सापडत नाही.

भरारी पथक

पथक आलं की लिहिणं थांबवू नका, तेवढा तुमचाच वेळ जातो. कागद सापडला तर तो वापरला होता की नाही हा प्रश्न पुढचा, जवळ असणं हाच गैरप्रकार धरतात. उत्तरपत्रिका जप्त होते, जबाब लिहून घेतात, सहसा दुसरी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेल्या वेळात लिहू देतात. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. प्रकरण नंतर चौकशी समितीपुढे जातं आणि शिक्षा एका पेपरपुरती न राहता त्या संपूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते. कायदाही आहे, १९८२ चा, महाराष्ट्रातल्या विद्यापीठ आणि बोर्ड परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठीच केलेला. शेजाऱ्याची चिठ्ठी तुमच्या बाकाखाली पडली असेल तर पायाने सरकवू नका. हात वर करून पर्यवेक्षकांना सांगा.

लेखनिक आणि जादा वेळ

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक लागत असेल तर अर्ज परीक्षेआधी द्यायचा असतो. पेपरच्या दिवशी लेखनिक बरोबर घेऊन गेलात तर केंद्राची पंचाईत होते आणि तुमचीही. हात मोडला, ऐन परीक्षेत कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन कॉलेजला लेखी कळवा. वेगळी खोली किंवा लेखनिकाची परवानगी मिळण्याचा मार्ग तिथूनच जातो.

प्रात्यक्षिक

थोडक्यात : प्रमाणित जर्नलशिवाय प्रयोगशाळेच्या दारातून आत घेत नाहीत. सह्या शेवटच्या आठवड्यात गोळा करू नका, नेमके तेव्हाच शिक्षक दुसऱ्या केंद्रावर बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलेले असतात. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर "येत नाही" म्हणा, परीक्षक पुढचा प्रश्न सोपा विचारतात.

निकाल

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न आणि कमाल मर्यादा ४५ दिवस. म्हणून विसाव्या दिवशी येणाऱ्या "आज रात्री निकाल" या मेसेजकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

गुणपत्रिकेत आधी अंतर्गत गुण पाहा. ज्या अभ्यासक्रमात दोन्ही भागांत वेगवेगळं ४० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हायचं असतं, तिथे ८० पैकी ३२ आणि २० पैकी ८ लागतात. लेखीत ६० मिळवूनही अंतर्गतमध्ये शून्य पडलं की विषय राहतो. हे शून्य बहुतेक वेळा कॉलेजकडून गुण भरायचे राहिल्याने येतं, आणि दुरुस्तीही कॉलेजच्या पत्रानेच होते. 'निकाल राखीव' दिसला तर पात्रतेची कागदपत्रं, थकलेलं शुल्क किंवा अंतर्गत गुण यांपैकी काय अडलं ते आधी विचारा. दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांच्या बाबतीत अनेकदा स्थलांतर प्रमाणपत्र बाकी असतं.

एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची ग्रेड पॉइंटची सरासरी, काढायला सोपा आहे. ग्रेड पॉइंट गुणिले श्रेयांक, त्यांची बेरीज भागिले एकूण श्रेयांक. समजा चार श्रेयांकांच्या दोन विषयांत ८ आणि ७, दोन श्रेयांकांच्या एका विषयात ९. ३२ अधिक २८ अधिक १८ म्हणजे ७८, भागिले १० : ७.८. गुणपत्रिकेवरचा आकडा असा घरी पडताळून बघा.

गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर लगेच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, छापील गुणपत्रिका हातात पडल्यापासून नाही. छायाप्रत आली की एकही उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आतले गुण तक्त्यात बरोबर चढले का, बेरीज जुळते का, हे पेन्सिलने ताडा. बेरजेत किंवा न तपासलेल्या पानात चूक असेल तर अर्ज नक्की करा. फक्त "इथे चारऐवजी पाच द्यायला हवे होते" एवढंच वाटत असेल तर ती छायाप्रत त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा, आणि ते हो म्हणाले तरच पैसे भरा. अर्ज केला तरी राहिलेल्या विषयाचा पुढचा फॉर्म मुदतीत भरून टाका, कारण पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत ती मुदत थांबत नाही.